धुऱ्यावरची घूस आणि बंदरावरचा उंदीर

अमडापूरच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी झाली, की धुऱ्यावरची बिळं उघडी पडतात. घुशीचं बीळ कोणतं हे शेतकऱ्याला लांबूनच कळतं. तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग असतो आणि पुष्कळदा तोंड आतून मातीनंच बुजवलेलं असतं. कुदळीनं खणत गेलं, की आडवीतिडवी भुयारं लागतात आणि त्यांच्या पोटात कोठार सापडतं. हंगामाप्रमाणे त्यात गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे घाटे किंवा ज्वारीची कणसं कुरतडून, ओढून आणून रचलेली असतात. घरोघरी पेवं होती त्या काळी घूस पेवापर्यंत पोचली, तर वर्षभराच्या दाण्यांची माती व्हायला वेळ लागत नसे. तिला कोंडीत पकडलं तर ती पळायच्या आधी पाठीवरचे राठ केस उभे करते, घुरघुरते आणि अंगावर येते. प्राणिशास्त्रात हिचं नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस, म्हणजे लहान घूस. ती इथलीच, भारतीय उपखंडातली.

या घुशीच्या जातभाईंनी मुंबईच्या बेटावर एका परदेशी उंदराला मागे सारलं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मला ती फार महत्त्वाची वाटते. जगभरच्या बेटांचा इतिहास बहुतेक याच्या उलट आहे. जहाजं येतात, जहाजांतून उंदीर उतरतात आणि बेटावरचे मूळचे उंदीर नाहीसे होतात. मुंबईत शेवटी गोदामांची जमीन इथल्या घुशीनं घेतली. पण त्याआधी या बेटानं जे भोगलं, त्यात उंदरांच्या या शेजाराचा मोठा हात होता.

मुंबई हे मुळात एक बेट नव्हतंच. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटं होती आणि भरतीचं पाणी त्यांच्यामधून वाहत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबीच्या बांधानं वरळीची खाडी अडवली. मग शंभर वर्षं भराव घालणं चालू राहिलं. भरावात टेकड्यांची माती गेली, दगड गेले आणि सखल भागांत तर शहराचा कचराही गेला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झाला, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक झाला. मांडवी आणि मशीद बंदर भागात धान्याची वखार नाही अशी गल्ली राहिली नाही. देशाच्या पोटातून माल इथे येत होता. आमच्या वऱ्हाडचा कापूसही त्यात होता. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली आणि घाटावरचा कापूस खामगावच्या बाजारातून थेट मुंबईच्या धक्क्यावर जाऊ लागला.

अशा बेटावर तीन प्रकारचे उंदीर राहत होते. पहिला घरातला काळा उंदीर. अंगानं सडपातळ, शेपूट धडाहून लांब, चढण्यात तरबेज. कौलं, माळा, भिंतीतली भोकं, गोधड्यांची चळत हे त्याचं घर. हाही मूळचा भारतीय उपखंडातलाच. व्यापाराच्या गलबतांबरोबर तो दोन हजार वर्षांपूर्वीच भूमध्य समुद्रापर्यंत पोचला होता. दुसरा तपकिरी उंदीर. धिप्पाड, बोथट तोंडाचा, शेपूट धडाहून आखूड. हा उत्तर चीन आणि मंगोलियाकडचा. १७२७ मध्ये अस्त्राखानजवळ या उंदरांच्या झुंडीच्या झुंडी व्होल्गा पोहून आल्याची हकीकत पीटर पॅलास या निसर्गशास्त्रज्ञानं नोंदवली आहे. अठराव्या शतकात त्यानं युरोपची शहरं व्यापली आणि तिथल्या काळ्या उंदराला बहुतेक ठिकाणांहून हुसकून लावलं. मग युरोपच्याच जहाजांतून तो जगभरच्या बंदरांत उतरला. भारतात तो मुख्यतः बंदरांपुरताच राहिला. त्याला पाणी, गटार आणि ओल लागते. आमच्यासारख्या कोरड्या, काळ्या मातीच्या मुलखात त्याचं बस्तान बसलं नाही. तिसरी घूस. ती बेटावर होती, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घरंदारं आणि गटारं या बाकीच्या दोघांच्या ताब्यात होती.

युरोपात तपकिरी उंदरानं काळ्याला संपवत आणलं, तसं मुंबईत झालं नाही. दोघांनी इमारत वाटून घेतली. तळमजल्याच्या वखारी, गटारं आणि दोन चाळींमधल्या घाणीच्या बोळकांड्या तपकिरी उंदराच्या. वरचे मजले, माळे आणि कौलं काळ्याची. खालच्याच्या दादागिरीमुळे वरचा माणसाच्या आणखी जवळ सरकला. पुढे याच मांडणीतून मृत्यू माणसापर्यंत पोचला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तापानं फणफणलेल्या रोग्यांच्या जांघेतल्या गाठी पाहिल्या आणि हा प्लेग आहे असं जाहीर सांगितलं. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येरसिननं प्लेगचा जंतू शोधला होता. बंदराशेजारच्या धान्याच्या वखारींत उंदीर मरून पडत आहेत हे मांडवीतल्या लोकांनी पाहिलं होतं. ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द पुढची तीस-चाळीस वर्षं महाराष्ट्राच्या गावागावांत काळजाचा ठोका चुकवत राहिले. सरकारला मात्र त्या मेलेल्या उंदरांचा अर्थ लागायला बराच काळ लागला. सरकारनं घाणीवर आणि माणसांवर हल्ला चढवला. गटारांत कार्बोलिक ओतलं, घरांची कौलं काढून ऊन आत घेतलं, सामान जाळलं, बायकामुलांना घरातून ओढून इस्पितळांत आणि छावण्यांत नेलं. गटारात औषध ओतलं, की तिथला उंदीर जागा सोडून वरच्या घरांकडे येणार, याचा विचार त्या धामधुमीत झाला नाही.

शहर ओस पडू लागलं. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. ती १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. जून १८९७ मध्ये तिथल्याच प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. ज्या उंदरांमुळे तो घडला, त्यांचा इतिहास मात्र आपण शिकवत नाही.

प्लेग उंदराकडून माणसाकडे जातो कसा, हे कोडं १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत जवळजवळ सोडवलं होतं. आजारी उंदराची पिसू निरोगी उंदराला चावली, की रोग जातो, असं त्यानं दाखवलं. पण पुष्कळांनी त्याला उडवून लावलं. मुंबईत व्लादिमीर हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणतो. तिथेच विल्यम ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टरानं पिसवांचा पाठपुरावा केला आणि १९०४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे प्लेग, उंदीर आणि पिसवा यांच्या संबंधावर व्याख्यान दिलं. १९०५ मध्ये परळलाच प्लेग संशोधनाच्या नव्या आयोगाचं काम सुरू झालं.

या कामातला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. आवारात मुद्दाम कौलारू खोपटी बांधली गेली. तिथे प्लेगनं मेलेल्या जनावरांच्या पिसवा मोकळ्या राहिल्या आणि गिनीपिगचे पिंजरे टांगले गेले. एक जमिनीपासून दोन इंच उंच, दुसरा दोन फूट. दोन इंचांवरचे गिनीपिग प्लेगनं मेले आणि दोन फुटांवरचे जगले. तेवढी उंच उडी पिसवेला जमत नाही. एका पिंजऱ्याभोवती माशा पकडायच्या चिकट कागदाचा पट्टा घातला होता. पिसवा त्या कागदाला चिकटून राहिल्या आणि आतलं जनावर वाचलं. हवा सगळ्या पिंजऱ्यांना सारखीच लागत होती. रोग हवेतून, जमिनीतून किंवा घाणीतून येतो हे म्हणणं त्या खोपट्यांमध्ये मोडून पडलं.

आयोगानं त्याच वेळी शहरातले उंदीर मोजले. रोज शेकड्यांनी उंदीर परळला येत. कोणत्या गल्लीतून आणि कोणत्या घरातून आला, जिवंत सापडला की मेलेला, याची नोंद होई. मग शेपूट आणि धड पाहून जात ठरे आणि पोट फाडून रोग आहे का ते पाहिलं जाई. या कंटाळवाण्या कामातून एक क्रम दिसू लागला. प्लेगची साथ आधी तपकिरी उंदरांत येई. साधारण दहा दिवसांनी ती काळ्या उंदरांत दिसे. आणखी दहा ते चौदा दिवस गेले, की माणसं पडू लागत. खालच्या गटारातून वरच्या माळ्यावर आणि माळ्यावरून गोधडीत, असा हा रोगाचा जिना होता. परदेशी उंदराच्या अंगावर पिसवाही जास्त असत. तो मेला, की त्या भुकेल्या पिसवा वरच्या मजल्यावरच्या उंदरावर जात. तोही मेला, की माणूस जवळच झोपलेला असे.

याच वर्षांत हिंदी महासागरात, जावाच्या दक्षिणेला, ख्रिसमस नावाच्या लहान बेटावर एक वेगळी शोकांतिका घडत होती. तिथे उंदरांच्या दोन जाती होत्या, ज्या जगात दुसरीकडे कुठेच नव्हत्या. एक झाडांवर चढणारी आणि संख्येनं अफाट. दुसरी जाडजूड, संथ, बिळात राहणारी. चार्ल्स अँड्र्यूज हे निसर्गशास्त्रज्ञ १८९७-९८ मध्ये बेटावर राहिले तेव्हा दोन्ही जाती तिथे नांदत होत्या. १८९९ मध्ये एका जहाजातून काळे उंदीर उतरले. त्या जहाजाचं नाव होतं ‘हिंदुस्तान’. दोनतीन वर्षांतच बेटावरचे मूळचे उंदीर दिवसाढवळ्या वाटेवर झिंगताना, मरताना दिसू लागले. त्या वेळी तिथे गेलेल्या हर्बर्ट डरहॅम या डॉक्टरानं त्यांच्या रक्तात ट्रिपॅनोसोम नावाचे सूक्ष्म परजीवी पाहिले. १९०८ मध्ये अँड्र्यूज पुन्हा गेले, तेव्हा त्यांना दोहोंपैकी एकही जात सापडली नाही. शंभर वर्षांनी, २००८ मध्ये, संग्रहालयांतल्या जुन्या कातड्यांमधलं जनुकद्रव्य तपासलं गेलं. काळा उंदीर येण्याआधीच्या कातड्यांत तो परजीवी नव्हता आणि नंतरच्या काही कातड्यांत होता. हा परजीवी उंदरांमध्ये पिसवांमुळेच पसरतो. टिमथी लुईस यांनी तो १८७० च्या दशकात कलकत्त्यात, भारतातल्या उंदरांच्या रक्तात पाहिला होता आणि तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. आपल्या उंदरांना त्याची सवय झालेली होती, ख्रिसमस बेटावरच्या उंदरांना नव्हती.

मुंबईत मूळचा असलेला काळा उंदीर तिथे परका होता आणि जिंकला. त्यानं सोबत नेलेल्या आजारानं त्याचं काम केलं. बेटावरच्या उंदरांची झुंज म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर दातांची आणि नखांची लढाई येते. प्रत्यक्षात अशा झुंजीचा निकाल रक्तातला एखादा जंतूही लावतो.

मुंबईच्या उंदरांनाही आजारानं बदललं. वर्षानुवर्षं साथी सोसलेले मुंबईचे उंदीर आणि प्लेग फारसा न पोचलेल्या मद्रासचे उंदीर परळच्या संशोधकांनी ताडून पाहिले. सारख्याच मात्रेत जंतू टोचले, तर मद्रासचे उंदीर पटापट मरत आणि मुंबईचे पुष्कळसे टिकून राहत. जे चिवट होते ते उरले आणि त्यांचीच पिलावळ वाढली. पुढे मुंबईतला प्लेग ओसरत गेला, त्याच्या कारणांत हेही एक होतं. माणसांच्या बाबतीत मात्र किंमत भयंकर होती. भारतात या साथीत एक कोटीहून अधिक माणसं गेली.

प्लेग रेल्वेनं आणि बैलगाड्यांनी वऱ्हाडातही आला. घरात उंदीर पडला, की लोक दाणागोटा घेऊन शेतात झोपड्या टाकत आणि गावाच्या वेशीला काटी लावत. दासगणूंच्या ‘गजानन विजय’मध्ये मुंडगावच्या पुंडलिक भोकरेंना शेगावच्या वारीच्या वाटेवर काखेत गाठ आल्याची कथा आहे. आमच्या भागातल्या घरांत ती पारायणात वाचली जाते. त्या काळी वाटेवर काखेत गाठ लागणं म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागत नसे. वऱ्हाडच्या या गावांत तपकिरी उंदीर नव्हता. इथे रोगाचा जिना एका पायरीनं लहान होता. घरातल्या काळ्या उंदरानंच सगळं केलं.

आता घुशीकडे येतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर हाफकिन संस्थेत पी. जे. देवरस यांनी मुंबईच्या उंदरांची पाहणी केली. भारतातल्या सापांवरच्या पुस्तकामुळे पुष्कळांना त्यांचं नाव ठाऊक आहे. उंदरांवरचं त्यांचं काम तेवढं माहीत नाही. आयोगाच्या काळी जिची गणती मागच्या रांगेत होती, ती लहान घूस आता शहरात ठळक झालेली होती आणि तपकिरी उंदराची सद्दी ओसरलेली होती. कलकत्त्यातही हेच दिसलं. १९६० च्या दशकात जुआन स्पिलेट या अमेरिकन संशोधकानं तिथल्या धान्याच्या गोदामांचा अभ्यास केला, तेव्हा पकडलेल्या उंदरांत जवळजवळ सगळ्या लहान घुशीच निघाल्या. रंगूनच्या बंदरातही तिचाच वरचष्मा होता.

हे का झालं? एकच कारण सांगता येणार नाही. पण अमडापूरच्या धुऱ्यावर घूस कशी जगते हे पाहिलं, की बराचसा उलगडा होतो. तपकिरी उंदीर रोजचं अन्न रोज शोधतो. त्याची मदार गटारावर आणि उकिरड्यावर आहे. घूस कोठार भरते. सुगी संपल्यावरचे महिने शेतात निभावून न्यायचे, तर साठा हवाच. ही सवय घेऊन ती गोदामात शिरली आणि तिथे सुगी कधी संपतच नाही. वर्षभर धान्य, वर्षभर ऊब, म्हणून वर्षभर वीण. एका वेळी सहा-आठ पिल्लं, कधी त्याहून जास्त. शिवाय जमीन. मुंबईची कितीतरी जमीन ही भरावाची, पोकळ, खणायला सोपी. तिच्या फरशीखाली पोखरत जाणं घुशीला जन्मजात जमतं. आणि बिळात ती दुसऱ्याला थारा देत नाही. तिच्या अंगावर कुणी गेलं, तर ती काय करते हे वर आलंच आहे. माझ्या मते स्वातंत्र्याच्या आगेमागे रेशनिंग आलं आणि सरकारी धान्याची मोठी गोदामं उभी राहिली, त्यामुळेही तिचं फावलं असणार. धान्य जिथे महिनोन्महिने पडून राहतं, तिथे साठवणाऱ्याची सरशी होते.

काळा उंदीर मात्र दोघांच्या भांडणात पडला नाही. तो वर होता, वरच राहिला. चाळी गेल्या, सिमेंटच्या इमारती आल्या, कौलं गेली, म्हणून त्याची संख्या आक्रसली असेल, पण दुकानांच्या पोटमाळ्यांवर आजही तोच आहे.

देशी घूस जिंकली म्हणून हायसं वाटून घ्यावं असं यात काही नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. बिळं बुडाली, उंदीर-घुशींचं मूत्र साठल्या पाण्यात मिसळलं आणि त्या पाण्यातून चाललेल्या कितीतरी माणसांना लेप्टोस्पायरोसिस झाला. मराठवाड्यात सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोक पडक्या घरांत धान्य सोडून बाहेर झोपू लागले. त्या घरांत उंदरांचं फावलं, असं मानलं जातं. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या तापाची बातमी आली. पाठोपाठ सुरत रिकामी झाली. त्या आठवड्यांत वऱ्हाडातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी घरातल्या मेलेल्या उंदरांची चौकशी पुन्हा सुरू केली होती.

मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कामगार रात्रपाळीला काठी आणि बॅटरी घेऊन गल्ल्यांमध्ये उंदीर मारतात. प्रत्येकानं एका रात्रीत किमान ३० उंदीर मारायचे, असा दंडक त्यांच्यावर राहिला आहे. मारलेल्या उंदरांपैकी काही प्लेगच्या तपासणीसाठी परळला जातात. १९०५ मध्ये हेच काम करणाऱ्यांनी प्रत्येक उंदराची जात, जागा आणि अवस्था लिहून ठेवली, म्हणून तपकिऱ्याकडून काळ्याकडे आणि काळ्याकडून माणसाकडे जाणारा रोग त्यांना दिसला. नुसते मेलेले उंदीर मोजले असते, तर तो क्रम कधीच हाती आला नसता. आज गोदामात घूस असेल तर फरशी आणि पाया पाहावा लागतो, पोटमाळ्यावर काळा उंदीर असेल तर छप्पर आणि तारा पाहाव्या लागतात, गटारात तपकिरी असेल तर झाकणं आणि जोड पाहावे लागतात. म्हणून प्रत्येक वॉर्डाच्या रोजच्या नोंदीत आकड्याशेजारी जातीचा रकाना हवा. तो भरायचं कौशल्य रात्रपाळीच्या त्या कामगारांकडे आहे. शेपूट धडाहून लांब की आखूड, हे त्यांना बॅटरीच्या उजेडात एका नजरेत कळतं.